पलीकडेपर्यंत सोबत

२८ ऑगस्ट, गुरुवार

कीथ येऊन गेला. इथला जुना पूल जपणाऱ्या ब्रिज सोसायटीचा सेक्रेटरी सरळ मुद्द्यावर कधी येणार? आधी हवा, मग माझे टोमॅटो, मग चहा, मग दुसरा चहा. शेवटी कपात बघत म्हणाला, "सुहासिनी, हेरिटेज वीकमधली शशीची टूर या वर्षी तुम्ही घ्याल का? लोक विचारतायत."

मी म्हटलं, मी भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवायचंच काम केलंय, तुमच्या टूरवरही तेच होईल. कीथ हसला नाही. बिस्किट घेतलं.

इंग्लंडात, या हॅलिवाथमध्ये येऊन आम्हाला जन्म लोटला. दोघंही इथल्याच हॉस्पिटलमध्ये, माझा नवरा शशी हाडांचा डॉक्टर, मी त्याच्या पेशंटांना भूल देणारी. नोकरी होती तोवर हा पूल म्हणजे ट्रॅफिक लाइटला खोळंबायची जागा. रिटायर झाल्यावर मात्र शशीने पुलाशी दुसरा संसारच थाटला. घरी जेवतानाही कमानी, खांब, चुना. मी सवतीकडे करावं तसं तिकडे दुर्लक्ष केलं. दर शुक्रवारी थर्मास घेऊन जायचा आणि ओला होऊन यायचा. फेब्रुवारीत असाच भिजून आला, मार्चमध्ये न्यूमोनियाने गेला. त्या पुलाचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

तरी कीथला हो म्हटलं. का, ते इथे लिहून ठेवते, कारण मुलाला, सुयशला, सांगता येत नाही.

दहाव्याला कावळा शिवला नाही. नदीकाठी पिंड ठेवला होता, पुण्याचे गुरुजी झूमवर, सुयश फोन धरून उभा. कावळा आला, कुंपणावर बसला, भाताकडे बघितलं आणि उडून गेला. आम्ही कबूल करायचं ते सगळं केलं. आईला सांभाळीन, घर ठेवू, तुझी पुस्तकं ठेवू. ढिम्म. गुरुजींना पुढचं काम होतं. म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा. दर्भ कुठला इथे? सुयशने काठचं गवत उपटून पक्ष्यासारखं काहीतरी वळलं आणि त्याची चोच भाताला लावली. विधी आटोपला.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण तेव्हापासून झोपही नाही. शशीचं काय अडकलं होतं? सुयश बेसिंगस्टोकला बोलावतोय, खोली तयार आहे म्हणतो. हे कळल्याशिवाय मी इथून कशी जाऊ? त्याची टूर करून बघते. कोण जाणे, तेच असेल.


३० ऑगस्ट, शनिवार

पाऊस होता म्हणून शशीचा टोपीवाला पावसाळी कोट, त्याचा अनोरॅक, घालून गेले. खिशात हात घातला तर आमच्या देवघरातली घंटा! मार्चपासून ती सापडत नव्हती. मी घर झाडायला येणाऱ्या बाईवर संशय घेऊन बसले होते, देवा माफ कर. या नास्तिक माणसाला घंटा कशाला लागली? शेवटच्या दिवसांत देवाधर्माकडे वळला असेल आणि मला सांगायची लाज वाटली असेल. हसू आलं, मग रस्त्यातच रडू आलं.

पूल नीट पाहिला, बहुधा पहिल्यांदाच. शशीचं माहितीपत्रक हातात होतं. पाच कमानी, चौदाव्या शतकातल्या, तांबूस दगडाच्या. खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोकदार नाक काढलंय, म्हणजे पुराचं पाणी आणि त्यातून येणारे ओंडके दुभंगून बाजूने जातात. ते नाक तसंच वर रस्त्यापर्यंत चढवलंय आणि वर त्याचा तिकोनी कोनाडा झालाय. गाडी आली की पायी जाणाऱ्याने त्यात शिरायचं. पूर्वी बैलगाड्या आणि मेंढ्या, आता डिलिव्हरीच्या व्हॅन. पत्रकात 'रेफ्यूज' म्हटलंय. शशी कोनाडाच म्हणायचा. तिसऱ्या खांबावर छोटं चॅपेल आहे, पाण्यावर उभं असलेलं देऊळच म्हणा. त्याला मधे लोकांनी तुरुंग केलं, मग चहाचं दुकान, आता नुसतं कुलूप.

आमच्या बाजूने दुसऱ्या कोनाड्यात, चॅपेलच्या अलीकडे, एक बाई बसली होती. जाड तपकिरी लोकरीचा पायघोळ झगा, डोक्याला फडकं. हेरिटेज वीकसाठी जुन्या वेशातली मंडळी येतात, त्यांच्यापैकी. आतापासून तालीम! झग्याची खालची कड भिजून काळी झालेली. मी "मॉर्निंग" म्हटलं. तिने माझ्याकडे नाही, अनोरॅककडे बघितलं. फार वेळ बघितलं. मला ते आवडलं नाही.


२ सप्टेंबर, मंगळवार

कीथने पुलाखाली नेलं. गुडघे कुरकुरले, पण गेले. नदीत घोट्याएवढं पाणी आहे, उन्हाळा कोरडा गेलाय.

खालून बघितलं आणि शशी इतकी वर्षं काय बडबडत होता ते कळलं. वरून एक दिसणारा पूल खालून दोन आहेत. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जुना. त्याच्या कमानीला टोक आहे आणि पोटातून दगडी पट्ट्या गेल्यात, ओळीने. शशी त्यांना बरगड्या म्हणायचा. आधी बरगड्या उभारायच्या, मग त्यांच्यावर बाकीचे दगड टाकायचे, म्हणजे लाकडाचा सांगाडा कमी लागतो. गाड्या वाढल्या तेव्हा, अठराव्या शतकात, खालच्या अंगाला दुसरा पूल चिकटवून रस्ता रुंद केला. त्याची कमान गोल आणि पोट गुळगुळीत. दोघांमधे बोट जाईल अशी फट आहे, तिच्यातून थेंब पडत होते. आठवडाभर पाऊस नाही, शनिवारची एक सर सोडली तर. मी कीथला विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, "त्या खांबाला नेहमीच ओल असते. सर्व्हेवाल्यांनाही कारण सापडलं नाही." तो खांब म्हणजे दुसऱ्या कोनाड्याचा.

कमानीखाली बोललं की आवाज घुमतो. माझा आवाज जरा उशिरा परत येत होता, जणू कोणी आधी ऐकून घेत होतं. मी बोलायचं थांबवलं.

चॅपेलची गोष्टही कीथने सांगितली. पुलाचा स्वतःचा पुजारी होता. नदीत बुडालेल्यांसाठी प्रार्थना करायची हे त्याचं एक काम. दुसरं मला जास्त पटलं. पूर आला, धुकं पडलं की त्याने हातातली घंटा वाजवत पुढे चालायचं आणि अडकलेल्या माणसांना पलीकडे पोचवायचं. मग राजाने असली सगळी चॅपेलं बंद केली, पुजाऱ्याला घरी पाठवलं. मी विचारलं, मग धुक्यात लोकांनी काय केलं? कीथ म्हणाला, "वाट बघितली असेल." इंग्रज माणसं असली उत्तरं फार गंभीरपणे देतात.

जाता जाता तो म्हणाला, जुन्या वेशवाल्यांचा ग्रुप यंदा येत नाहीये, इन्शुरन्सची भानगड आहे. त्या बिचारीला कुणी कळवलंच नाही वाटतं. सांगायला हवं.


५ सप्टेंबर, शुक्रवार

तिला सांगायला गेले आणि भलतंच झालं.

तिथेच, तशीच बसलेली. आजही कड ओली. मी म्हटलं, तुमचा कार्यक्रम रद्द झालाय. तिला काही बोध झाला नाही. मग तिने विचारलं, "तो नाही आला?"

बोली अगदी जुनी, खेड्यातली. माझ्या सुरुवातीच्या काळात डोंगरावरच्या म्हाताऱ्या पेशंट असं 'यू'ऐवजी 'दी' आणि 'दाऊ' करत बोलायच्या, म्हणून निम्मं तरी कळलं. मी विचारलं, कोण तो? तिने माझ्या बाहीला हात लावला. शशीच्या अनोरॅकच्या बाहीला.

घरी आले. थर्मास काढला. त्याच्या झाकणात दोन कप आहेत, एकात एक बसवलेले. हे मला माहीत होतं. दोन्ही कप तो दर वेळी विसळून ठेवायचा, हेही. कधी विचारलं नाही, दुसरा कुणासाठी.

सत्तरी गाठत आले आणि मला मत्सर वाटतोय. ओल्या झग्यातल्या, दात पडलेल्या बाईचा! शशी, तू वर बसून हसत असशील तर हस. मला आज फार राग आलाय आणि तो काढायला तू नाहीस.


७ सप्टेंबर, रविवार

सुयशचा फोन, मागून सूनबाईंचा आवाज.

"आई, तू किती दिवस एकटा राहणार? निधीने तुझा खोली पेंट केलाय. यलो. तुला आवडतो ना?"

त्याच्या मराठीत माझी खोली पुल्लिंगी आणि मीही पुल्लिंगी. पण पोरगा बोलतो, हेच खूप. म्हटलं, टूर होऊ दे.

"टूरसाठी नाही, आई. तू बाबाची वाट बघतेस."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. आणि फोन ठेवला.


८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पितृपक्ष. पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत असं गुरुजींचं म्हणणं. मी त्यांना विचारलेलं नाही, त्यामुळे त्यांनी नाही म्हटलेलं नाही. साधा काकघास ठेवायचा, दहीभाताचा.

नदीकाठी ठेवण्यापेक्षा पुलावर ठेवला, दुसऱ्या कोनाड्याच्या कठड्यावर. शशीची जागा तीच असणार. चॅपेलच्या छपरावर कावळ्यांची शाळा भरलेली असते, तेव्हा गिऱ्हाइकांचा तोटा नाही. ती बाई आपल्या जागी होती. मी तिच्याकडे न बघता भात ठेवला, म्हटलं, शशी, ये.

कावळे ओरडत राहिले. एकही खाली उतरला नाही. एक बाई कुत्रा घेऊन येत होती, तो कुत्रा कोनाड्याच्या अलीकडे बसला तो उठेना. शेवटी तिने त्याला कडेवर घेतलं, एवढा मोठा लॅब्रॅडॉर, आणि पलीकडे नेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे रोज असंच करतो."

ती बाई तिथून हलेल तर कावळा येईल ना! माणूस बसलेलं असताना पाखरं कशी येणार?


१२ सप्टेंबर, शुक्रवार

रोज घास ठेवते. रोज तसाच. संध्याकाळी दगडावर सुकलेला भात खरवडून नदीत सोडते. आज धीर करून तिच्याशेजारी बसले. कोनाड्यातला दगड बर्फ होता, बाहेर ऊन असून.

नाव मॉड. आमच्या वॉर्डातली शेवटची मॉड गेली त्यालाही जमाना झाला. मी विचारलं, डॉक्टरांना ओळखत होतात का? शशी मेहेंदळे?

तिला नाव माहीत नव्हतं. म्हणाली, "काळा, उंच, दयाळू." यावर मी काय बोलणार? उंच नव्हता फारसा.

म्हणाली, तिला पलीकडे जायचंय. तिची मुलगी पलीकडे आहे, बाळंत होणार आहे. पण पाणी चढलंय. मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली एक बदक चालत होतं, पोहत नव्हतं, चालत होतं. मी म्हटलं, पाणी कुठाय? ती म्हणाली, "ऐक." आणि खरं सांगते, क्षणभर मला ऐकू आलं. मोठं, मातीचं पाणी, दगडांवर धडका देणारं. मग एक व्हॅन गेली आणि सगळं शांत.

"तो मला हात द्यायचा," ती म्हणाली. "देवळापर्यंत यायचो. मग मला भीती वाटायची आणि आम्ही परत फिरायचो. तो म्हणाला, पुढच्या खेपेला घंटा आणतो. मग आलाच नाही."

माझा सगळा राग गेला. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी बाई, कुठल्यातरी होममधून रोज इथे येऊन बसते आणि माझा नवरा तिला चहा पाजून, हात धरून फिरवून आणतो. हे शशीच करू जाणे. घंटा का नेली तेही कळलं. तिची समजूत काढायला. आणि मी काय काय मनात आणलं!

मी सांगितलं, डॉक्टर गेले. मार्चमध्ये वारले. तिने मान हलवली. "मग आता त्याची वाट कोण बघणार?" असं काहीसं म्हणाली. की 'त्याला कोण पोचवणार' म्हणाली? बोली कळत नाही.

हात हातात घेतला. गार पडलेला. सवयीने नाडी बघितली, लागली नाही. म्हातारपणी रक्ताभिसरण असंच होतं, थंडीत तर अनुभवी माणसालाही नाडी सापडत नाही. तिला गरम मोजे हवेत.


१५ सप्टेंबर, सोमवार

कौन्सिलला फोन केला, जवळच्या सगळ्या केअर होमना केला. कुणाकडेही मॉड नावाची बाई नाही, कुणाची हरवलेली नाही. एवढ्या थंडीत त्या बाईला असं सोडून देतात आणि वर म्हणतात, नोंद नाही. या देशाचं काय चाललंय! मोजे नेऊन ठेवले. तिने घातले नाहीत.


१६ सप्टेंबर, मंगळवार

दशमी. शशीची तिथी.

पहाटेपासून स्वयंपाक केला. आमसुलाची चटणी, भाजणीचे वडे, खीर, अळू नाही मिळालं म्हणून पालकाची पातळ भाजी. भोपळा मात्र फक्कड मिळाला. पान वाढून झाकून पुलावर नेलं. रेनकोटातली बाई कठड्यावर ताट मांडते आहे, हे बघून गाड्या हळू होत होत्या. होऊ देत.

मी उभी राहिले. शशी, काय राहिलंय ते सांग. टूर करते आहे. सुयशकडे जाईन. पुलाला नावं ठेवणार नाही. त्या बाईवर रागावले होते, नाही रागावणार. अजून काय करू?

चॅपेलवरून एक मोठा कावळा उतरला. कठड्यावर बसला. एक पाऊल, दोन पावलं. ताटापर्यंत आला. मग मान वाकडी करून कोनाड्यात बघितलं, मॉड बसते तिथे, आणि उडाला.

मी तिथेच बसून रडले. ऑपरेशन टेबलावरची माणसं गेलेली बघितली आहेत, तेव्हा कधी अशी रडले नव्हते. मॉडने काहीच केलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती, ज्याचं दुःख आपलंच आहे त्याच्याकडे बघावं तशी. जाताना एवढंच म्हणाली, "तू आणशील का?"

काय, ते मी विचारलं नाही. घरी येऊन वडे मीच खाल्ले. टाकवले नाहीत.


१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दाट धुकं. पुलाचं टोक दिसत नव्हतं. पाठांतर करत निघाले होते, पहिल्या कोनाड्यापर्यंत गेले आणि पाय पुढे जाईनात. धुक्यात माणसं होती. एक मॉड नव्हे, पुष्कळ. कठड्याला टेकून उभी, बोलत नव्हती. बस चुकलेल्या लोकांसारखी.

परत फिरले. शाळेची ट्रिप असेल. पण मुलं इतकी शांत कशी?

आज लिहितानाही हात गार आहेत.


२१ सप्टेंबर, रविवार

झाली टूर. आता जे झालं ते क्रमाने लिहिते.

आज सर्वपित्री अमावस्या, कालच लक्षात आलं. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं कुणी उरलेलं नाही, त्यांच्यासाठीही आज घास काढतात. आई दोन काढायची. मीही दोन काढले आणि टूरच्या आधी कोनाड्याच्या कठड्यावर ठेवले. मॉडला म्हटलं, यातला एक तुमचा. समोर भुकेलं माणूस असताना एकट्या शशीचं पान कसं वाढायचं? तिने नमस्कारासारखं काहीतरी केलं.

पूल आज गाड्यांना बंद होता. पुष्कळ लोक आले. शशीच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर, त्याने खुबा बदललेला एक शेतकरी, बाकी टुरिस्ट. मी सुरू केलं. खांबांचं नाक, कोनाडे, बरगड्या, दोन पुलांमधली फट. एका माणसाला खरंच जांभई आली. मी म्हटलं, मला सवय आहे.

पुजाऱ्याची गोष्ट दुसऱ्या कोनाड्यापाशी सांगायची, असं शशीच्या पत्रकात आहे. पुजारी घंटा वाजवत लोकांना पलीकडे नेई, असं म्हटलं आणि दाखवायला आमची घंटा काढली. हात वर गेला आणि आठवलं, अगं, अमावस्या! श्राद्धपक्षात घंटा वाजवत नाहीत. पितर असतील तिथून निघून जातात म्हणतात. आईने ऐकलं असतं तर पोळी लाटता लाटता लाटणं घेऊन आली असती. पण लोक बघत होते, हात वरच होता. वाजवली.

चिमुकली पितळी घंटा, पण तिचा आवाज कमानीखाली गेला आणि खालून मोठा होऊन आला. कमानींमधले सगळे पक्षी एकदम उठले.

मॉड उभी राहिली. मी तिला आजवर उभी बघितलीच नव्हती. आली आणि तिने माझ्या डाव्या कोपरात हात घातला. बोलायचं अर्धं राहिलं होतं, पण म्हातारीला लोकांसमोर कसं झिडकारायचं? तशीच तिला घेऊन चालायला लागले. घंटा वाजवत, टूर सांगत. लोक मागून येत होते. मागे खूप पावलं वाजत होती, एवढ्या लोकांची वाजावीत त्याहून जास्तच वाटली, पण दगडी पुलावर आवाज घुमतो.

चॅपेलच्या दाराशी ती थांबली. माझं कोपर तिने घट्ट धरलं. मीही थांबले. खालून पाण्याचा आवाज यायला लागला, त्या शुक्रवारसारखा. मला भीती वाटली, हे कबूल करते. पायाखालचा दगड थडथडत होता. परत फिरावं असं फार वाटलं. पण ऑपरेशनच्या आधी माणसं अशीच माझा हात धरायची, आणि तेव्हा मी कधी हात सोडवून घेतला नाही. मी तिच्या कानाशी वाकून मराठीतच म्हटलं, घाबरलं की मला मराठीच सुचतं, "शशीने कबूल केलंय ना? मग त्याचं राहिलेलं मी करते. चला."

घंटा वाजवली आणि आम्ही निघालो. चॅपेल मागे पडलं. चौथी कमान, पाचवी. तिचा हात हलका होत गेला. दम लागला असेल म्हणून पलीकडच्या बाकावर बसवायला वळले, तर बाई नाही. एक शब्द न बोलता गेली! थँक यू नाही, काही नाही. बरं, लेकीकडे जायची घाई असेल, म्हणून सोडून दिलं.

आणि मागे वळून बघितलं.

कोनाड्याच्या कठड्यावर कावळा बसला होता. आधी त्याने डावीकडचा घास खाल्ला, मॉडचा. सगळा खाल्ला, शीत ठेवलं नाही. मग उजवीकडे सरकला आणि शशीचा खाल्ला.

सगळ्यांसमोर खाली बसले आणि मोठ्याने रडले. शेतकऱ्याने धरलं. लोकांना वाटलं, गोष्ट सांगताना बाईंना भरून आलं, दोघांनी टाळ्याही वाजवल्या. सिस्टरने टिश्यू दिला. कीथ म्हणाला, "शशीला अभिमान वाटला असता." मी म्हटलं, त्याने कळवलंय.

टूरच अडकली होती त्याची, दुसरं काय! पुरुषाचा जीव कशात गुंतेल सांगता येत नाही. बायकोत नाही, मुलात नाही, एका टूरमध्ये. पण सुटला. शशी सुटला. आज मी झोपणार.


२४ सप्टेंबर, बुधवार

सलग तीन रात्री झोपले. सुयशला सांगितलं, ऑक्टोबरच्या शेवटी येते. तो म्हणाला, "आई, सिरियसली?" आणि लगेच तारीख विचारायला लागला.

पुलावर गेले होते. कोनाडा रिकामा. मी बसून पाहिलं. दगड उन्हाने गरम होता आणि कोरडा. कीथ म्हणतो, खालच्या खांबाची ओलही गेली, सर्व्हेवाल्यांना आता त्याचंही कारण सापडत नाही. कीथकडून किल्ली घेऊन घंटा चॅपेलमध्ये ठेवून आले, पुढच्या टूर घेणाऱ्याला लागेल. देवांना म्हटलं, तुम्ही आता टाळीवर भागवा.

मोजे कोनाड्यातच होते, घडी न मोडता. घेऊन आले.

कीथने एका टुरिस्टाने काढलेला फोटो पाठवलाय. मी घंटा वाजवत पुढे चाललेय, मागे लोक. फोटो काढणाऱ्याला अक्कल कमी, मॉडला नेमकं वगळलंय. माझ्या शेजारी नुसता रस्ता दिसतोय. मी मात्र वेडीवाकडी आलेय. डावा खांदा उतरलेला, कोपर वाकवून अंगापासून दूर धरलेलं, विचित्रच.

बघता बघता लक्षात आलं, ही तर शशीची सवय! शेवटची दोन वर्षं शुक्रवारी परत येताना तो असाच यायचा, डावा हात वाकवलेला. मी म्हणायची, फ्रोझन शोल्डर आहे, हाडांचा डॉक्टर असून लक्ष देत नाहीस. भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम करायला लावायची रोज. आता मलाही तेच होणार बहुतेक. बेसिंगस्टोकला गेले की फिजिओ शोधायला हवा.

खांदा दुखत मात्र नाही. शशीही हेच म्हणायचा, दुखत नाही गं. मी कधी विश्वास ठेवला नाही.